कढीचा शनिवार

बाई, घुर्र... घुर्र... आणि मध्येच बांगडीचा एक बारीक टक्. इतकी वर्षं लोटली, पण मिशिगनमधलं ॲन आर्बर म्हटलं की मला विद्यापीठ आठवत नाही, बर्फ आठवत नाही, हा आवाज आठवतो. तुमच्या मागच्या दारी आम्ही पोरं बूट काढत असू, बोटं गारठल्यामुळे लेस सुटत नसे, आणि आतून लाकडी रवीचा आवाज येत असे. तुमच्या यजमानांनी, डॉक्टरांनी, तुम्हाला मोठ्या कौतुकाने विजेचा मिक्सर आणून दिला होता. तो तुम्ही कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर नेऊन बसवलात. "वेगात आहे, पण तालात नाही," म्हणालात. साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत बारा वर्षं कविता शिकवलेल्या बाईंनाच सुचावं असं वाक्य. मला तर तेव्हा वाटायचं, तुम्ही ताक घुसळतच नाही, एखादं वृत्त बसवताय, आणि लोणी म्हणजे नुसतं शेवटचं यमक.

आज तोच आवाज आम्ही आता राहतो त्या आयसेलिनच्या घरात झाला. रवी तुमचीच, हात माझे. आणि आजही मी असाच कुठेतरी तरंगत गेलो, कढी ढवळायची राहिली, उकळी आली आणि कढी फुटली. ही म्हणाली, "तुम्ही आधी वर जा. काय कविता करायच्या त्या तिकडे करा." म्हणून मी वरच्या खोलीत, खिडकीशी बसून तुम्हाला लिहितोय. तुम्ही जाऊन वीस वर्षांच्या वर झाली, तेव्हा हे पत्र टाकायचं कुठे हा प्रश्न आहेच. पण खाली जाऊन बोलणी खाण्यापेक्षा हे बरं.

खाली कोण आहे सांगतो. आमची ही आहे. नागपूरकर आलाय, तोच, जो तुमच्याकडच्या शनिवारच्या प्रार्थनेला उशिरा यायचा आणि जेवायला वेळेवर. त्याची अमेरिकन बायको, आपली मिशिगनवहिनी, आलीय. केस पांढरे झालेत तिचे, पण कपाळावर टिकली तशीच, जरा तिरकी. दर ऑक्टोबरात एका शनिवारी आम्ही असे जमतो, जुनं आठवून हसतो, आणि तुमची कढी करतो. महाराजांचा तो पंथ आमच्यातल्या कुणाचाच उरलेला नाही. कढी उरलीय. मघाशी माझा मुलगा डोकावून गेला. आमच्या गप्पा थोड्या ऐकल्या आणि विचारतो कसा, "बाबा, वॉज इट लाइक, अ कल्ट?" मी काहीतरी गंभीर उत्तर जुळवत होतो, तोवर नागपूरकर म्हणाला, "अरे बाबू, कल्ट कसला! पॉटलक होतं ते, डबे आणून जेवायचं. फक्त आधी आरती करा लागे." मिशिगनवहिनी इतकी हसली की तिला ठसका लागला. तोच पुढे म्हणाला, "मी तर आता विमानतळावरच चपला काढतो भाऊ. देऊळ सुटलं, पण सवय राहून गेली."

मग निघाली ती ड्रायरची गोष्ट. तुमच्या बेसमेंटमध्ये जागा कुठे होती? एका बाजूला घर गरम ठेवायची भट्टी, दुसऱ्या बाजूला डॉक्टरांची वैद्यकाची पुस्तकं, आणि मधे कपडे वाळवायचं यंत्र. त्या यंत्रावर तुम्ही जरीची चादर घालून महाराजांची तसबीर मांडायचात. एका शनिवारी ऐन प्रार्थनेत तसबीर थरथरायला लागली. आधी जरा, मग चांगलीच. समई डोलली, फुलं खाली पडली. नागपूरकराने डोळे मिटून "महाराज!" अशी हाक मारली आणि सरळ लोटांगण घातलं. माझ्या अंगावर काटा आला होता, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात टर्र करून चादरीखालच्या यंत्राचा बझर वाजला, आणि वरून डॉक्टरांचा आवाज आला, "अगं, माझे मोजे वाळले का?" त्या दिवशी तुम्ही तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळलात. आम्हाला वाटलं, बाईंना दुःख झालं. खांदे हलताना पाहून कळलं की हसताय.

पण खरी गोष्ट कढीची. ती आम्ही दर वर्षी सांगतो, आणि दर वर्षी जणू नव्याने ऐकतो. तेव्हा तिथे मराठी टंकलेखन यंत्र कुठून असणार? नागपूरकराने प्रार्थना त्याच्या डिपार्टमेंटच्या टाइपरायटरवर इंग्रजी अक्षरांत बडवली आणि जांभळ्या शाईच्या प्रती काढल्या. शेवटचं कडवं तुमच्या आवडीचं, 'देशील दयाळा, देशील कधी'. दर्शन कधी देशील, एवढाच त्याचा अर्थ. मिशिगनवहिनी तेव्हा नवी नवरी. मराठीतला एकच शब्द तिला पक्का येत होता, तोही तुमच्याच स्वयंपाकघरात शिकलेला. तिने कागदावर के, ए, डी, एच, आय वाचलं, आणि हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून, सगळ्यांच्या वर सूर लावला, 'देशील दयाळा, देशील कढी!' आम्ही सगळे थांबलो. ती मात्र थांबली नाही. कडवं पुरं केलं, नमस्कार केला, आणि तुमच्याकडे वळून अगदी सरळ मनाने विचारलं, "व्हेन?"

लगेच उठला तो आमचा शुद्धलेखन. हे नाव नागपूरकरानेच ठेवलेलं. पुण्याचा, माझा खोलीतला जोडीदार, आम्ही दोघं एका स्टोव्हवर शिजवायचो आणि इंटरव्ह्यूला एकच बरा कोट आलटून पालटून घालायचो. ऱ्हस्व-दीर्घ चुकला तर त्याला जेवण जात नसे. म्हणाला, "बाई, हा अपपाठ आहे. आज 'कधी'चं 'कढी' केलंत, उद्या 'दयाळा'चं 'दह्याला' कराल."

"करू की," तुम्ही म्हणालात. "कढीला दही लागतंच."

"मी थट्टा करत नाही, बाई."

"मीसुद्धा नाही. अरे, तिने मागितली कढी आणि विचारलं 'व्हेन'. म्हणजे 'कधी'च ना? अर्थ तुझ्याआधी तिला लागला. शुद्धलेखनाच्या वह्या मी पुष्कळ तपासल्यात. देव तपासत असेल असं वाटत नाही."

एवढं बोलून तुम्ही जिना चढून वर गेलात, आणि थोड्या वेळाने रवीचा आवाज सुरू झाला. त्या दिवसापासून आपल्याकडे प्रसाद म्हणून पेढा नाही, साखरफुटाणे नाहीत, कढी. दुकानातल्या खोक्यातलं ते जाडसर ताक, आलं, आणि साताऱ्याहून पाकिटातून आलेली कढीपत्त्याची वाळकी पानं, दर माणशी एक. इथे आता ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांत हिरव्यागार जुड्या मिळतात, आम्ही मूठमूठ टाकतो. तरी ते वाळकं पान वाटीत आपल्या वाट्याला यावं म्हणून खालीवर होणारा जीव अजून आठवतो. आणि तुमचा तो दंडक, कविता म्हटल्याशिवाय दुसरी वाटी नाही! शाळेतली एखादी कविता, उभं राहून, हात मागे बांधून. थर्मोडायनॅमिक्सचे पीएचडीवाले बाप्ये बाकावरच्या पोरांसारखे डुलत कविता म्हणतायत, आणि तुम्ही पळीने मात्रा मोजताय. मी एकदा शाळेतली सोडून स्वतः रचलेली म्हटली. तुम्ही ऐकून घेतलीत. म्हणालात, "चाल बरी आहे. मीठ कमी पडलंय." मी फार हिरमुसलो होतो. आता कळतं, माझ्या कवितेवर कुणीतरी चव घेऊन दिलेलं ते एकमेव मत.

हॉस्पिटलात जाण्याआधी तुम्ही मला बोलावून घेतलंत. पलंगाशी सगळे महाराजांबद्दल, गादीबद्दल काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून कान देऊन उभे. तुम्ही उशीखालून रवी काढलीत आणि माझ्या हातात दिलीत. "पंगत मोडू नका," एवढंच म्हणालात. "देवाचं ज्याने त्याने बघावं."

बाई, पंगत मोडली. तुमच्यामागे तिकडे देशात गादीवर नवे महाराज आले, त्यांची पत्रं यायला लागली. पुन्हा दीक्षा घ्या, जुन्या तसबिरी उतरवा. आम्ही एकेक करून बाहेर पडलो, भांडण न करता. माझ्यापुरतं सांगायचं तर मिशिगनच्या हिवाळ्यात एक हातमोजा कुठेतरी पडतो आणि घरी आल्यावर कळतं, तसं झालं. देव नेमका कुठे पडला ते मला सांगता येत नाही. पण शुद्धलेखन पंथात राहिला. राहिला तो नियमांसकट, आणि नवा नियम असा होता की पंथ सोडून गेलेल्याच्या हातचं अन्न घ्यायचं नाही. तो शेवटचा आमच्याकडे आला तेव्हा अंगातला कोट काढला नाही. हिने ताट आणलं. "वहिनी, आज नको," म्हणाला. तहान लागली तर नळाशी जाऊन स्वतः ओंजळीने प्यायला. ज्याने निम्मं आयुष्य माझ्या ताटातलं खाल्लं होतं, त्याला पाणी पिताना पाठीमागून पाहणं मला जमलं नाही. मग तो नोकरीसाठी टेक्सासला गेला. आता तिथेच प्लेनोला मुलाकडे असतो.

तरी दर वर्षी मी त्याचं पान मांडतो. ही म्हणते, "श्राद्धाचं वाटतं हो ते. मांडू नका." मी म्हणतो, पंगत आहे, पान मोजून मांडायचं असतं. दर वर्षी त्याला बोलावणं धाडतो, आधी पत्राने, आता ईमेलने. उत्तर येत नसे. या वर्षी मी फक्त दोन शब्द लिहिले, कॉम्प्युटरवर मला मराठी अक्षरं अजून जमत नाहीत म्हणून इंग्रजी अक्षरांतच, 'कधी येशील?' चार दिवसांनी उत्तर आलं. तेही दोनच शब्द, 'स्पेलिंग संदिग्ध.'

"बघा, अजून रागावलेला आहे," ही म्हणाली.

"रागावलेला माणूस वही तपासत नाही," मी म्हणालो.

नागपूरकराला फोनवर वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "अबे, येते तो! लिहून ठेव." मिशिगनवहिनीने मात्र हळूच विचारलं, "आला तर खाईल का?" इतक्या वर्षांत तिचं मराठी किती चांगलं झालंय पाहा, नेमका प्रश्न विचारते. आला आणि नळाचं पाणी पिऊन गेला, तर मी ते पान पुन्हा मांडू शकणार नाही, हे मला माहीत आहे. त्यापेक्षा न आलेला बरा, असंही आज सकाळपासून दोनदा वाटून गेलं.

खालून फोडणीचा वास येतोय. दुसऱ्यांदा कढी मिशिगनवहिनी करतेय, आणि रवी तुमच्याच ठेक्यात फिरतेय. नागपूरकर तिला सूचना करतोय आणि ती त्याला इंग्रजीत गप्प करतेय. पानं मांडलेली आहेत, पाचवं धरून. आता दोन गोष्टी कबूल करून हे पत्र मिटतो आणि तुमच्या रवीच्या डब्यात ठेवून देतो. पहिली म्हणजे, सकाळी कढी माझ्या हातून फुटली ती कवितेमुळे नव्हे. मी ढवळता ढवळता 'देशील दयाळा' म्हणत होतो. मनापासून, इतक्या वर्षांनी. देवासाठी नाही हो, त्या गाढवासाठी. दुसरी, तुमची कढी नेहमी जरा आंबट व्हायची. आम्ही कुणी बोललो नाही. गुळाचा खडा टाकून आम्हीच ती

थांबा. दारात टॅक्सी थांबलीय. एक म्हातारा उतरला, ऑक्टोबरातच कानटोपी घालून. घराचा नंबर वाचतोय, हातातल्या कागदाशी ताडून पाहतोय. पायरीवर बसला. बूट काढतोय, बेल वाजवायच्या आधीच. काढलेले बूट त्याने एका रेषेत ठेवले, मागे सरकून पाहिले, आणि उजवा थोडा सरळ केला.

बाई, पुढचं उभ्यानेच लिहितोय. बेल वाजली. दार मिशिगनवहिनीने उघडलं, तिच्या हातातल्या पळीचा आवाज आला, खाली पडल्याचा. मग त्याचा घसा साफ केल्याचा आवाज, आणि ढ अगदी ठसठशीत, त्याच्याशिवाय कुणाला येणार नाही असा.

"देशील... कढी?"

"कधी?" मिशिगनवहिनी विचारतेय.

"आत्ता."