लांब टेबलाचं आमंत्रण

५ जानेवारी, रविवार
नव्या वर्षाचा संकल्प: इथल्या माणसांत मिसळायचं. नेदरलँड्सला, फेल्डहोवनला येऊन चार वर्षं झाली. मीनल म्हणते, तू फक्त ऑफिसात आणि सुपरमार्केटात मिसळतोस. बायको आहे म्हणून ऐकून घेतलं.

सुरुवात कोपऱ्यावरच्या ‘अंकल सॅल्स’पासून. इटालियन-अमेरिकन हॉटेल. लाल-पांढऱ्या चौकटींचे टेबलक्लॉथ, परातीएवढ्या प्लेट्स. मालक बास मात्र अस्सल डच, न्यू जर्सीत कुणा सॅलच्या हाताखाली स्वयंपाक शिकून आलेला. एगप्लांट पार्मेजान मागवलं. म्हणजे वांग्याचे काप, चीजची गोधडी पांघरलेले. झकास.

रविवारी तिथे मधोमध एक लांब टेबल लागतं. आसपासची मंडळी एकत्र बसतात, मोठमोठी भांडी या हातातून त्या हातात फिरतात. आपली पंगतच! बास येऊन म्हणाला, पुढच्या रविवारी तुम्हीही या लांब टेबलावर. इतका आनंद झाला की लगेच म्हणालो, नो नो, उगाच तुम्हाला त्रास. तो ओके म्हणाला आणि गेला.

परत विचारेल. पाणी आणायला गेला असणार.

त्याच दिवशी, नंतर
पाणी आलं. विषय निघाला नाही. वाटेत मीनल म्हणाली, जायचं होतं तर नाही कशाला म्हणालास? आता हिला काय सांगायचं? एकदा बोलावल्याबरोबर पानावर बसायला आपण काय दुष्काळातून आलोय? समोरच्याने जरा गळ घालायची, आपण जरा आढेवेढे घ्यायचे, मग बसायचं. याला रीत म्हणतात.

१२ जानेवारी, रविवार
बासला संधी मिळावी म्हणून मुद्दाम लांब टेबलाच्या शेजारचं टेबल घेतलं. त्या मंडळींकडे बघून हसत राहिलो. एक आजोबा मागे वळून बघायला लागले, मी कोणाकडे बघून हसतोय ते.

बास आला. मी सरसावून बसलो. त्याने विचारलं, आणखी गार्लिक ब्रेड? सवयीने नको म्हणालो. त्याने टोपलीच उचलून नेली. आत चांगले दोन तुकडे होते!

वैदेही डचमध्ये काहीतरी म्हणाली, मीनल खूप हसली. मी अर्थ विचारला. नऊ वर्षांची पोर, मला म्हणते, नेव्हर माइंड, बाबा.

१९ जानेवारी, रविवार
घात झाला. लांब टेबलावरच्या एका बाईंनी मीनलला विचारलं, आमच्यात बसता का? मीनल म्हणाली, हो, आवडेल. बस्स! विषय संपला. वैदेही तर त्याआधीच खुर्ची ओढून बसली होती.

मीनलने मला विचारलं, येतोस ना? म्हणालो, नको, बसा तुम्ही. वाटलं, इतक्या वर्षांचा संसार, हिला तरी कळेल. ती म्हणाली, बरं.

माझ्या व्हिसावर इथे आली तेव्हा मला विचारल्याशिवाय बसमध्ये चढत नव्हती. आता स्वतःची नोकरी, स्वतःची सायकल, आणि वर हे ‘बरं’.

एकट्याने जेवलो. शांतता मिळाली, हा फायदा. वांगं गार होतं.

२२ जानेवारी, बुधवार
शांतपणे विचार केला. दोष माझा नाही, सिस्टिमचा आहे. या लोकांत रिट्राय लॉजिकच नाही, पुन्हा विचारून बघणं नाही. एक रिक्वेस्ट फेल गेली की कनेक्शन कायमचं बंद.

उपाय सोपा. यापुढे कोणी काहीही विचारलं की थेट हो. बाथरूमच्या आरशासमोर सराव केला. लगेच ऑफिसात टेस्टिंग. मॅनेजरने विचारलं, शनिवारची सपोर्ट ड्यूटी घेशील? हो म्हणालो. जमतंय. रविवारी लांब टेबल आपलं.

२५ जानेवारी, शनिवार
दिवसभर सपोर्ट.

२६ जानेवारी, रविवार
अनिमेषला आपण होऊन हे हॉटेल दाखवायला नेलं. ऑफिसातला नवा मुलगा, पुण्याहून नुकताच आलेला. बासने त्याला दारातच विचारलं, लांब टेबलावर बसतोस? तो बसलासुद्धा! मीनलच्या शेजारी. पुण्याचाच तो, कोणी आग्रह करेल ही अपेक्षा त्याला असणार कुठून?

मी तयारीत होतो. बास सरळ माझ्याकडे आला. हो अगदी ओठांवर. त्याने विचारलं, तुम्हाला एकट्याने शांत बसायला आवडतं, बरोबर ना?

येस, म्हणालो. जोरात म्हणालो.

मग काय विचारलं होतं ते डोक्यात शिरलं. तोवर तो खांद्यावर थोपटून म्हणत होता, माझे वडीलही असेच, कोपऱ्यातलं टेबल दर रविवारी तुमच्यासाठी ठेवतो.

२ फेब्रुवारी, रविवार
कोपऱ्यातल्या टेबलावर चिठ्ठी: राखीव, शैलेंद्र. आख्ख्या हॉटेलात स्वतःच्या नावाचं टेबल असलेला मी एकटाच. एका अर्थाने मिसळलोच म्हणायचं.

लांब टेबलावर अनिमेष भांडी फिरवत होता. वैदेही त्या आजोबांना मराठीत एक-दोन-तीन शिकवत होती. माझ्याशी बोलताना हिचं मराठी कुठे जातं? फार एकटं वाटलं. वांग्यात लक्ष घातलं.

घरी आल्यावर मीनलला म्हणालो, बासला जरा सुचव ना. ती म्हणाली, तूच सांग, तोंड आहे की तुला. बरोबर आहे. पण काय सांगू? मला आग्रह करा म्हणून? आपणच आपल्याला कसं बोलवायचं?

९ फेब्रुवारी, रविवार
आज वेगळी चाल. जायचंच नाही. माझी किंमत कळू दे. म्हणालो, भूक नाही, तुम्ही दोघी जाऊन या.

मीनल म्हणाली, बरं. वैदेहीला जॅकेट घातलं. दारापर्यंत गेली. आणि परत आली.

माझ्यासमोर बसली. म्हणाली, खरंच नाही येत? चल ना. मी बासशी बोललेय, माझ्या शेजारची खुर्ची ठेवलीय त्याने. तू तिकडे कोपऱ्यात बसतोस ना, मला घास गिळवत नाही.

चार वर्षांत मला असं कोणी विचारलं नव्हतं. तोंड उघडलं आणि म्हणालो, नको गं, जा तुम्ही.

ती उठली. मग दोघी गेल्या. खिडकीतून दिसल्या, वैदेही पुढे, ती मागे.

आणखी एकदा विचारलं असतं तर नक्की गेलो असतो. बूट घालूनच बसलोय.