आईला काही आठवत नाही

३ जून

आईने घात केला! चौकशीवाल्यांचा फोन घरच्या नंबरावर आला आणि आईसाहेबांनी उचलला. ‘या कंपनीचे मालक कोण?’ — ‘मीच. बोला.’ वर घरचा पत्ता सांगितला, पिनकोडसकट. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, तो ठसका अजून जात नाही.

कंपनी तिच्या नावावर काढली ती माझं नाव कुठे येऊ नये म्हणून. आमच्या आरोग्य खात्याच्या खरेदी विभागात सगळेच असं करतात — कोणाची सासू मालकीण, कोणाची मावशी. पण त्यांच्या म्हाताऱ्या निदान फोन तरी उचलत नाहीत.

४ जून

वकील म्हणाला, ‘कंपनीच्या कागदांवर सह्या कोणी घेतल्या हे आईंना सांगता आलं नाही, तर तुमच्यापर्यंत कोणी पोचत नाही. आणि भ्रमिष्ट बाईला कोण आत टाकतं? पण त्या बोलल्या, तर तुम्ही गेलात.’

आईला आठवणार नाही? तिला मी तिसरीत कुठलं गणित चुकलो होतो तेही आठवतं.

७ जून

सरळ सांगून पाहिलं — आई, चौकशीपुरतं विसरल्यासारखं कर. ‘खोटं बोलणार नाही,’ म्हणाली. वर मलाच प्रश्न. ‘साथीत त्या नर्सना जे पोशाख दिले, ते आपल्याच कंपनीचे ना रे?’

पेपरात आलंय, पेशंटला उचलताना काखेत टराटरा उसवायचे. उसवणारच. रेनकोटचं कापड, त्यातही हलकं. त्यातली एक नर्स लागण होऊन गेली. साथीत काय माणसं कमी मेली? पण आईला ही एकच दिसते. तिचा फोटो कापून उशाशी ठेवलाय.

मी म्हटलं, ‘कसली कंपनी, आई? तुला हल्ली भास होतात.’ ती बघतच राहिली. तिथेच युक्ती सुचली.

१० जून

तिचा चष्मा फ्रिजमध्ये ठेवला. घरभर शोधत होती. सापडल्यावर म्हटलं, ‘सकाळी तूच ठेवलास ना?’ ही अगदी बरोबर वेळेला म्हणाली, ‘असू दे हो, वय झालं त्यांचं.’ आपली बायको एवढी पोचलेली आहे, हे मला आज कळलं.

१३ जून

आई झोपलेली असताना मीच गॅस चालू करून ठेवला. मग शेजारच्या काकूंना बोलावून दाखवलं. काकू चुकचुकल्या, आईचा हात धरून म्हणाल्या, ‘आता स्वयंपाकघरात नका जाऊ हं.’ आईचं तोंड एवढंसं झालं. संध्याकाळपासून ती स्वयंपाकघराकडे फिरकलेली नाही.

१४ जून

पेपर बंद केला. फोनही काढून घेतला. फोटो फेकून दिला — ‘कुठला फोटो, आई?’

१९ जून

आता पाढे म्हणत बसते. स्वतःलाच तपासते बहुतेक. आज एकोणतीसचा चालला होता, बिनचूक. मी दारातून म्हटलं, ‘चुकलं.’ ती थांबली. पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा म्हटलं, ‘चुकलं.’ तिसऱ्यांदा तिला पुढे जाताच येईना. रडायला लागली.

मला कसंतरी झालं, खोटं कशाला बोलू. पण तिने चार दिवस रडायचं की मी तुरुंगात सडायचं? जेवलो आणि झोपलो.

२४ जून

ओळखीच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने विचारलं, ‘आजी, आज वार कोणता?’ आईने आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, ‘हा सांगेल.’ डॉक्टरला काही समजावून सांगावंच लागलं नाही.

३० जून

चौकशी झाली. म्हातारी आजारी आहे म्हणून मला शेजारी बसू दिलं. सह्या दाखवल्या. ‘या तुमच्या?’ — ‘असतील.’ — ‘कोणी घेतल्या?’ आई माझ्याकडे बघत राहिली. ‘आठवत नाही,’ म्हणाली. चौकशीच्या साहेबांनी तिला पाणी दिलं, दारापर्यंत सोडायला आले.

सुटलो. गाडीत मोठ्याने गाणी लावली. आता आईला पेपर सुरू करून द्यायला हरकत नाही.

२ जुलै

सकाळी मीच चहा घेऊन गेलो. आईने पदर सावरला. ‘बसा. कोणाकडे आलात आपण?’

हसलो. म्हटलं, ‘पुरे आता, आई, झालं काम.’ ती घाबरून भिंतीला टेकली आणि हिला हाका मारायला लागली — नावाने. हिला ओळखते. काकूंना ओळखते. त्या मेलेल्या नर्सचं नावसुद्धा सांगते.

मला नाही ओळखत.