बँड म्हातारा झाला नव्हता

सर,

रविवार, १६ जुलै १९७२, सकाळी पावणेअकरा. भिंगारमधल्या तुमच्या घरातली पुढची खोली. तारीख आणि वेळ आधीच लिहून टाकते, कारण बोललेलं विसरायची तुम्हाला सवय होती, विशेषतः स्वतः बोललेलं. चर्चमध्ये ऑर्गन वाजवून तुम्ही नुकतेच परत आला होता. टाय सैल केला होता, हातात चहाची बशी होती, आणि भरल्या खोलीत तुम्ही मला म्हणालात, "तुला कान नाहीत. देवाने डोक्याला दोन बाजूंनी दोन पुऱ्या चिकटवल्यात." सगळे हसले. सगळ्यात आधी तुम्ही हसलात, मग तुम्ही हसलात म्हणून बाकीचे. मी अकरावीत होते, आणि डिसेंबरात पुण्याला पियानोची परीक्षा द्यायची म्हणून चार वर्षं तुमच्याच त्या खोलीत, तुमच्याच पियानोवर बोटं झिजवत होते.

त्या खोलीत दर रविवारी काय चालायचं हे आज कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. नगरसारख्या गावात, जिथे इंग्रजी गाणं म्हटलं की लोकांना लष्कराच्या बँडपलीकडे काही सुचत नसे, तिथे आम्ही पाचसहा जण विलायतेतल्या एका रॉक बँडसाठी एकमेकांचे गळे धरायचो. दहा वर्षं जुना बँड. वकिलांचा मुलगा मुंबईहून रेकॉर्ड आणायचा, म्हणून त्याला पहिली खुर्ची. बेकरीवाला ताजी खारी आणायचा, म्हणून त्याला दुसरी. मी काहीच आणत नसे, म्हणून मी पियानोच्या स्टुलावर. आणि तुम्ही रेकॉर्ड प्लेअरशेजारी उभे, जणू वेदीपाशी. तुमचा एक नियम होता. नवी रेकॉर्ड आली की जुन्या सगळ्या कपाटात, कपाटाला कुलूप, आणि दिवाळीपर्यंत ते उघडायचं नाही. "तुलना करत ऐकाल तर नव्याला न्याय मिळणार नाही," असं म्हणायचात. मला तेव्हा तो नियम फार थोर वाटायचा. सोळाव्या वर्षी माणसाला कुलूपसुद्धा थोर वाटतं.

त्या वर्षी जूनमध्ये नवी रेकॉर्ड आली. गाणी संथ. गायकाचा आवाज जाड, दमलेला. ड्रम असे पडायचे की वाजवणारा जेवून उठलाय. मग जे भांडण सुरू झालं ते सहा रविवार चाललं. बेकरीवाला म्हणायचा, "सर, लई रडका झालाय बँड. आदी कसं, सुई टेकली की पाय हालायचे. आता झोप येतीय." वकिलांचा मुलगा म्हणायचा, दहा वर्षांत कमावलेलं नाव यांनी एका रेकॉर्डमध्ये धुऊन टाकलं, आता बंद करावं आणि घरी बसावं. आणि तुम्ही डोळे मिटून सांगायचात, "अरे, हे म्हातारपण नाही, ही प्रौढता आहे. यांनी नाचणं सोडलंय. हे आता प्रार्थना करतायत." तुम्हाला तो विचार इतका आवडला की गावातल्या कॉलेजात ऑगस्टमध्ये त्यावर व्याख्यान द्यायचंसुद्धा ठरवून टाकलंत.

मी काय म्हणाले होते, ते तुम्ही विसरला असाल, म्हणून तेही लिहिते. मी म्हणाले, "सर, बँड नाही, आपलं मशीन हळू फिरतंय." तुम्ही बशीतून चहा प्यायलात. मी म्हणाले, "कपाट उघडा आणि जुनी एक लावून बघा." तुम्ही म्हणालात, "नियम म्हणजे नियम." मग मी स्टुलावरच वळले, रेकॉर्ड चालू असतानाच पियानोवर त्या गाण्याचा पहिला सूर शोधला. पांढरी पट्टी दाबली तर गाणं तिच्या खाली, शेजारची खालची काळी दाबली तर तिच्या वर. दोन्हींच्या मधे कुठेतरी. मी म्हणाले, "ऐका ना, मशीन हळू फिरलं की सूरही उतरतो. नाहीतर असा कुठला बँड गिटारी लावतो?" बेकरीवाल्याने खारी चावायची थांबवली. तुम्ही म्हणालात, पियानो उन्हाने उतरलाय. मी म्हणाले, "काल तर तुम्ही म्हणालात की पियानो अगदी सुरात आहे." आणि मग पुऱ्या.

मला वाटलं होतं, संपलं. पण सोमवारी तुम्ही शाळेत येऊन सिस्टरना सांगितलंत की या मुलीला कान नाही, हिला पुण्याला नेऊन शाळेची शोभा करू नये. सिस्टरनी मला बोलावून फार गोड आवाजात सांगितलं, "चाइल्ड, देव प्रत्येकाला वेगळी देणगी देतो. तुझी गणितं चांगली आहेत." माझ्या जागी तुम्ही जिला नेलंत ती परीक्षेत नापास झाली. हे मी आनंदाने लिहिते आहे. वर्गातल्या मुली मला शाळा सुटेपर्यंत पुरी म्हणत होत्या. आमच्या घरी पियानो नव्हता आणि कधी येणारही नव्हता. तुमचं दार बंद झालं म्हणजे जगातले सगळे पियानो बंद झाले.

दिवाळीनंतर बेकरीवर पाव आणायला गेले तर तो मला बघून ओरडला, "अगं पुरी, परवा यायला पायजे हुतीस! सरांनी कपाट उघडलं. जुनी रेकॉर्ड लावली, काय पळतीय! सर म्हनले, बगा, बँड बदललाय असं मी म्हनलो हुतो का न्हाई?"

"आणि नवी लावली का?" मी विचारलं.

"न्हाई. ती त्यांनी पुन्याच्या कुना दोस्ताला देऊन टाकली म्हने."

मी पाव घेतले आणि घरी आले. माझी खात्री त्या दिवशी डळमळली, सर. जुनी रेकॉर्ड जर पळत होती, तर मशीन ठीक होतं. म्हणजे मलाच कान नव्हते. हे मी पुढची चौदा वर्षं मानून चालले. त्यातली बरीचशी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, त्याच पुऱ्यांवर हेडफोन चढवून. कुठला ट्रंक कॉल शिर्डीचा आणि कुठला शेवगावचा हे मी खरखरीवरून ओळखायचे. साहेब लोक माझी परीक्षा घ्यायचे, हरायचे आणि चहा पाजायचे. आणि संध्याकाळी घरी जाताना मी स्वतःला सांगायचे की हा कान नव्हे, ही सवय आहे.

शेवटी शेवटी तुम्हाला ऐकू येईनासं झालं. तुमच्या मिसेस, आमच्या आंटी, तुमच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायच्या आणि तुम्ही भलतंच उत्तर द्यायचात, असं चर्चमधले लोक सांगायचे. मला वाईट वाटलं नाही. तुम्ही गेलात आणि मी तुमच्या मातीला आले, तेव्हा ऑर्गनवरच्या मुलाने दोन सूर चुकवले. सगळ्या चर्चमध्ये ते फक्त मला कळले, आणि मी तोंडावर रुमाल धरला. लोकांना वाटलं, रडते आहे.

आंटी मुलीकडे नागपूरला कायमच्या निघाल्या तेव्हा त्यांनी मला बोलावलं. सामान बांधत होत्या. रेकॉर्ड प्लेअर पुढे सरकवून म्हणाल्या, "हा तू घे गं. तू एकटीच लक्ष देऊन ऐकायचीस." मी वरची फिरती तबकडी उचलून आत पाहिलं. मोटरच्या दांड्याला जखमेवर लावतात ती चिकटपट्टी गुंडाळलेली होती, काळी पडलेली.

"तिला हात लावू नकोस," आंटी म्हणाल्या. "त्यांनीच लावलीय. त्या दुष्काळातल्या दिवाळीत. चकल्या करताना माझं बोट भाजलं, म्हणून आणली होती, तर अर्धी यालाच गुंडाळून टाकली. दांडा जाड झाला की मशीन जोरात फिरतं म्हणे. बरेच महिने हळू चालत होतं ना ते." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "का गं? तुला नव्हतं सांगितलं?"

पेटीत खाली नवी रेकॉर्ड होती. तीच, पुण्याच्या दोस्ताला दिलेली.

म्हणजे तुम्ही कपाट एकट्याने उघडलंत. जुनी लावलीत, तीही रडकी वाजली, आणि तुम्हाला त्याच क्षणी सगळं कळलं. तुम्ही उठून मशीन दुरुस्त केलंत, आणि त्या दुरुस्त मशीनवर स्वतःचं व्याख्यान खरं करून दाखवलंत. चिकटपट्टी गुंडाळायला तुमच्याकडे वेळ होता. भिंगारहून आमच्या घरापर्यंत सायकलवर यायला नव्हता. नुसता चुकणारा मास्तर मी केव्हाच सोडून दिला असता. तुम्ही सुरात येऊन खोटं बोललात.

आता सावेडीत राहते. तिसरा मजला, शेजारी शांत. सुई बदलून घेतली आहे. चिकटपट्टी असताना नवी रेकॉर्ड जशी आहे तशी वाजते: चटपटीत, उड्या मारणारी, दहा वर्षं जे केलं तेच पुन्हा करणारी. बँड म्हातारा झाला नव्हता. प्रौढही झाला नव्हता. ज्याच्यासाठी आपण सहा रविवार भांडलो, तो बँड जगात कुठेच नव्हता. फक्त तुमच्या खोलीत होता.

मागच्या महिन्यात मी चिकटपट्टी काढून टाकली. आता ती रेकॉर्ड पुन्हा दोन पट्ट्यांच्या मधे वाजते, जाड आवाजात, दमून. दोन्ही बाजू ऐकल्या. तुम्ही त्याला प्रार्थना म्हणाला होता. खरंच तशी वाटते, आणि खऱ्या बँडपेक्षा हा जास्त चांगला आहे. चिकटपट्टी मी पुन्हा लावलेली नाही. हे तुमच्याजवळ कबूल करायला मला फार जड जातंय, म्हणूनच हे पत्र कपाटात जाईल, पोस्टात नाही.

तरीही उत्तर हवं आहे, आणि लेखी हवं आहे. क्षमा मागू नका, प्रौढतेवर काही लिहू नका. "तुला कान होते" एवढंच, तुमच्या अक्षरात, खाली सही. येत्या रविवारी सकाळी पावणेअकरापर्यंत. त्यानंतर आलेलं मी उघडणार नाही.