निळी टोपी, दोन ट्रे सांबारवडी

बुध., ६ नोव्हें. ८५
मराठी मंडळाची दिवाळी २३ तारखेला. यंदाचे अध्यक्ष देवधर फोनवर भलतेच खुशीत. हायस्कूलचा हॉल एका फोनमध्ये मिळाला म्हणे, तोही शनिवारचा. मिळणारच. त्या दिवशी लाल टीमशी आमची अमेरिकन फुटबॉलची गेम. अर्धं बेलव्ह्यू स्टेडियमला जाणार, हॉलला कुत्रंही विचारणार नाही. इतकी वर्षं अमेरिकेत राहून मंडळात एकालाही हे ठाऊक नाही.
आणि यंदाची गेम साधी नाही. जिंकलो तर आमचं कॉलेज न्यू इयरच्या मोठ्या बाउलला, म्हणजे निवडक टीम्सच्या मानाच्या सामन्याला. एम.एस.ला आलो तेव्हापासून वाट बघतोय.

शुक्र., ८
सुनंदाला सांगितलं, मी येणार नाही. आपण बौद्ध, दिवाळी आपली नाही, मग कशाला? ती म्हणाली, दिवाळीला कोण जातंय, मी मराठी बोलायला जाते. 
बाकी सगळ्यांना एकेक पदार्थ वाटून दिलेला. आमच्या नावावर दरवर्षी पेपर प्लेट्स, ग्लास आणि सोडा. पहिल्या वर्षी देवधरबाईंनी गोड आवाजात विचारलं होतं, नागपूरला कुठे? मी म्हटलं, इंदोरा. तेव्हापासून प्लेट्स. इथे जात विचारत नाहीत, वस्ती विचारतात. सु. म्हणते योगायोग. दरवर्षी बरा येतो हा योगायोग.

रवि., १०
काल स्टेडियम. दिवसभर पाऊस. जिंकलो. शेजारच्या सीटवरचा वॉल्ट, रिटायर्ड बसड्रायव्हर, सु.ची सांबारवडी हॉट सॉस लावून खातो. आमच्याकडची कोथिंबिरीची वडी आणि हॉट सॉस! पण खातो बोटं चाटून. मला ‘प्रोफेसर’ म्हणतो. मी जन्मात कुणाला शिकवलेलं नाही. असो.
माझी टोपी निळी. टीमचा रंग निळा आहे हे कळलं त्या दिवशीच टीम आपली झाली होती, बाकी नियम नंतर शिकलो.
लाल टीमवाले आम्हाला शिव्या देतात, आम्ही त्यांना. पण ते लाल टोप्या घालून येतात, लांबून ओळखू येतात. बरं असतं.

गुरु., १४
सु.ने स्वतःहून देवधरबाईंना फोन केला. “या वेळी मी सांबारवडी आणते.”  त्या म्हणाल्या म्हणे, आणा की, प्लेट्सही आणाल ना?
फोन ठेवून माझ्याकडे वळली. “तुम्ही यायचं. मी एकटी ट्रे घेऊन त्या हॉलमध्ये शिरणार नाही.”
हो म्हणालो. काय करणार. वॉल्टला कळवलं, २३ला माझी सीट रिकामी.

शुक्र., २२
सु. हाफ डे घेऊन वड्या तळतेय. दोन मोठे ट्रे. रश्मी फॉइल लावतेय. पोरगी तेरा वर्षांची, मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्लिशमध्ये. सु. गुणगुणत होती. तिच्या त्या खुशीची मला भीती वाटली.

रवि., २४
लिहायचं नव्हतं.
काल ट्रे टेबलाच्या मध्यावर ठेवले होते, मी स्वतः ठेवले. मग कोपऱ्यात जाऊन ट्रान्झिस्टरचा इयरफोन कानात घातला. निळी टोपी खिशात. जेवणं सुरू झाली तेव्हा ट्रे टेबलाच्या टोकाला, नॅपकिन्सच्या मागे गेलेले. फॉइल तशीच. लोक आम्ही आणलेल्या प्लेट्समध्येच जेवत होते. सु. ट्रेजवळ उभी राहून घ्या ना, घ्या ना म्हणत होती. एक बाई म्हणाल्या, पोट भरलं हो. आणि पुढे जाऊन करंजी घेतली.
रश्मी माझ्याकडे आली. “बाबा, दे डिडन्ट इव्हन ओपन इट.”
तेवढ्यात कानात ओरडा. शेवटच्या मिनिटाला लाल टीमचा फील्ड गोल, दोन पॉइंटनं हरलो. बाउल गेला. माझ्या तोंडून शिवी गेली, अस्सल नागपुरी, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी. डोळ्यांत पाणी, तेही लपवता येईना.
देवधर आले, खांद्यावर हात ठेवला. “एवढं मनाला लावून घेऊ नका हो. शेवटी गेमच आहे.”
सगळे समजुतीने हसले. आणि मी मान डोलावली. मान डोलावली! तेच डाचतंय.

मंगळ., २६
वॉल्टचा फोन. माझ्या सीटवर कुणी बसू नये म्हणून त्याने रेनकोट ठेवला होता आणि स्वतः भिजला. म्हणाला, छोट्या बाउलचं बोलावणं येईल अजून, कमिटी ठरवते. कमिटी म्हटल्यावर आमचं मंडळ आठवून मी हसलो, त्याला कळेना का ते. वड्या न्यायला ये म्हटलं तर लगेच आला. सु. बाहेर आली नाही.

शनि., ११ जाने. ८६
छोट्या बाउलचंही बोलावणं आलं नाही. सीझन संपला.
देवधरबाईंचा फोन, संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा. प्लेट्स तुमच्याकडेच धरू ना, असं विचारलं असणार. सु.ने बराच वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाली, “ह्यांना विचारून सांगते.”
लग्न झाल्यापासून हिने मला विचारून कुणाला काही सांगितलेलं नाही. अजूनही विचारलेलं नाही. मघाशी गॅरेजमध्ये गेलो तर तिथे उभी होती, उरलेल्या प्लेट्सची दोन पाकिटं हातात घेऊन.