यंदाच्या पांढऱ्या कुरडया

जालना

ती. मायला दैवशालाचा नमस्कार.

यंदा आमच्यासाठी कुरडया करू नको. मी इथंच गच्चीवर घातल्या, अन् बिलकुल पांढऱ्या वाळल्या! दरवर्षी काजळी बसायची, म्हणून तर तुला त्रास द्यायचे. आठ दिवसांपासून इथल्या लोखंडाच्या भट्ट्या बंद हायेत. धूरच न्हाई. आकांक्षा पोरीचा खोकलाबी थांबला.

हे सध्या घरीच असतात. कुरडयांचा चीक ह्यांनीच हाटला, एक गुठळी न्हाई. तू काळजी करू नको. भट्टीचे मालक ह्यांना म्हणले, जल्दी पेटवू, मग कामावर या. कधी, ते सांगितलं न्हाई.

तुझा गुडघा कसा हाये? अण्णा चष्मा लावतात का? आपल्या धावड्याच्या बसमध्ये कुरडयांचा डबा देते, तळून बघ अन् कळव.

ह्यांची एक सवय हाये. रोज सकाळी गच्चीच्या कठड्यावरून बोट फिरवायचं अन् काळं झालेलं बोट मला दाखवायचं, "बघ, भट्टी जोरात चालू हाये." आजबी फिरवलं. बोट कोरंच निघालं. मी हसले.

हे मात्र लई वेळ त्या बोटाकडं बघत उभे राह्यले.

तुझी लेक,
दैवशाला