निंगव्वाचा निबंध

१५ जुलै १९७४

वही परत मिळाली. पहिल्या पानावर मी 'श्री' काढला होता, त्याभोवती लाल शाईचं वेटोळं. देगावकर सर वर्गासमोर वही उंच धरून म्हणाले, "नाकेदार, हा निबंध आहे. लग्नपत्रिका नाही."

पोरं हसली. गावच्या शाळेत श्री काढल्याशिवाय गुरुजी पाटीवर पुढचं अक्षर काढू देत नसत. हात आपोआप जातो. अठ्ठेचाळीस वर्षांचा हात आहे.

मग सरांनी निबंध मोठ्यानं वाचला. मठातल्या पालखीचं मी लिहिलं होतं. "'त्या सोहळ्याचे वर्णन करण्यास शब्द अपुरे पडतात.'" तिथं थांबले. "मग घेऊन या ना शब्द! तुमच्या जकात नाक्यावरून रोज एवढा माल शहरात येतो. शब्दांवर जकात माफ."

मीही हसलो. न हसून काय करणार?

१६ जुलै

कशाला या पोरांत जाऊन बसतोस, असं रात्रभर स्वतःला विचारलं. उत्तर एकच. दुधनीकडच्या आमच्या मठाच्या स्वामींनी सांगितलं होतं— शिवशरण, मठाचं चरित्र तुम्ही लिहा, तुमचं अक्षर मोत्यासारखं आहे. अक्षर आहे. वाक्य कुठं आहे? सातवीपर्यंतची शाळा, मग नाक्यावरची पावती-पुस्तकं. मॅट्रिक दिली ती चाळिशीनंतर. म्हणून हे सकाळचं कॉलेज.

बायको, निंगव्वा, पहाटे उठून चहा करते. आज माझं तोंड बघून म्हणाली, "कुनी काय बोललं काय री?" तिचं हे 'री' कानडी, 'अहो'सारखं. नाही म्हणालो. "बोलू द्या. देवाचं काम हाय. शिकून या."

९ ऑगस्ट

दुसरा निबंध. चौदा मार्क, पस्तिसांतले. खाली शेरा— यात एकही जिवंत माणूस नाही.

शिक्षकांच्या खोलीत गेलो. विचारलं, सर, कसं लिहायचं? सर पोहे खात होते. वर न बघता म्हणाले, "जे लिहायला लाज वाटते ते लिहा, नाकेदार. बाकी सगळं कीर्तन."

तिथले दुसरे एक सर म्हणाले, "या वयात यांना कसली लाज?" दोघं हसले.

११ ऑगस्ट

रविवार. पूजा आटोपून वही घेऊन बसलो. लाज वाटेल असं काय आहे माझ्याकडं? लाच कधी घेतली नाही. दारू नाही. मठात जाणारा माणूस.

निंगव्वा चुलीपुढं भाकरी थापत होती. बघत राहिलो. मिश्रीनं काळे पडलेले दात. टाचांच्या भेगा, त्यांत शेण-माती. थापताना ती तोंडानं हूं हूं करते, म्हैस करते तशी.

तसंच लिहिलं— म्हैस करते तशी. वाक्य उभं राहिलं होतं.

१२ ऑगस्ट

काल पुढं लिहीत गेलो. एस.टी.त ती कंडक्टरला म्हणते, अर्धं तिकीट द्या, म्हातारी हाय मी— तेही लिहिलं. आणि शेवटी गंगव्वाचं.

आमची पोरगी गंगव्वा पाच वर्षांची होती. ताप उतरला नाही. मी वैद्याला घेऊन आलो तोवर पोर गेली होती. निंगव्वानं तिचं डोकं मांडीवरून खाली ठेवलं. उठली. चुलीपाशी गेली. तव्यावरची भाकरी उलटली, नीट भाजू दिली, काढून टोपल्यात ठेवली. मग येऊन रडायला बसली.

वीस वर्षं झाली, हे आम्ही दोघांनीही कुणाला सांगितलं नव्हतं. तिच्या भावालासुद्धा. मी ते लिहिलं आणि खाली लिहिलं— त्या दिवशी मला कळलं की मी दगडाशी लग्न केलं आहे.

लिहिताना लाज वाटली. म्हणजे बरोबर चाललंय.

२२ ऑगस्ट

सरांनी निबंध वाचला. तिकिटाला वर्ग खदखदून हसला, म्हशीला तर बाकं वाजवली. भाकरीपाशी शेजारच्या बाकावरची मुलगी पदरानं डोळे टिपत होती.

सर म्हणाले, "शिवशरण, हे साहित्य आहे." नाकेदार नाही म्हणाले. शिवशरण म्हणाले.

घरी येताना पाय जमिनीवर नव्हते. निंगव्वानं विचारलं, आज काय शिकवलं? म्हणालो, तुला नाही कळायचं.

२९ सप्टेंबर

आता कुणी समोर आलं की आधी व्यंग दिसतं. नाक्यावरचा कल्लप्पा बोलताना थुंकी उडवतो. मंगळवेढ्याहून ज्वारीची गाडी घेऊन येणारा म्हातारा पावती उलटी धरून वाचल्यासारखं करतो. लगेच वाक्य तयार होतं. दहा वर्षं मी या माणसांबरोबर तंबाखू मळली, हे दिसलं नव्हतं.

पूजेला बसलो तरी डोळा मिटत नाही. इष्टलिंग तळहातावर आणि नजर निंगव्वाच्या हालचालींवर.

४ नोव्हेंबर

सरांना निबंध कॉलेजच्या वार्षिक अंकात घालायचा आहे. मी विचारलं, बायकोचं नाव बदलू का?

"नाव बदललं की जीव गेला." 

विचार करून सांगतो म्हणालो. तीन पावलं गेलो आणि माघारी येऊन हो म्हणालो. तिला वाचता येत नाही. कुणाला कळणार आहे?

१९ नोव्हेंबर

मठाचं चरित्र सुरू करून पाहिलं. आताच्या स्वामींच्या आधीच्या, मोठ्या स्वामींचं पहिलं पान. त्यांचं तेज लिहायला गेलो तर उतारवयात त्यांचे हात थरथरायचे आणि तीर्थ सांडायचं, तेच लिहिलं गेलं. पान फाडलं. आंघोळ करून पुन्हा बसलो. पुन्हा तेच.

१० फेब्रुवारी १९७५

अंक आला. पान सत्तावीस. वर माझं नाव छापलेलं.

पिशवीत लपवून आणला होता, पण निंगव्वाच्या हाती लागला. पानं उलटली, बोट ठेवून विचारलं, "ह्ये तुमचं नाव?" माझं नाव तेवढं तिला ओळखू येतं, रेशनकार्डावरून.

हो म्हणालो.

"छापून आलं की! मठाचंच ना री?"

एक क्षण होता. तेवढ्यात सांगता आलं असतं. म्हणालो, "मठाचंच."

तिनं अंक दोन्ही हातांनी कपाळाला लावला. आमच्यात छापील कागदाला पाय लागला तरी पाया पडतात, आणि हे तर मठाचं. देव्हाऱ्यात ठेवला. विभूतीची तीन बोटं ओढली, फूल वाहिलं. मी नाक्यावर निघून गेलो.

११ फेब्रुवारी

शेजारच्या किराणावाल्या रुद्रप्पाची सून हेमावती मॅट्रिक झालेली आहे. दुपारची निंगव्वाकडं शेंगा निवडायला येते. हे काल सुचलंच नाही!

आज सकाळी निंगव्वाला सांगितलं, देवापुढं ठेवलेली वस्तू परक्याच्या हातात देऊ नये. ती म्हणाली, बरं. देवाच्या नावानं हे सांगताना जीभ अडखळली नाही माझी.

२४ फेब्रुवारी

दिवस चांगले चाललेत. निंगव्वा काही बोलत नाही, म्हणजे ती नेहमीच कमी बोलते. सोमवार होता, अंकावर नवी विभूती दिसली.

हेमावती दारात भेटली. नमस्कार न करता बाजूनं गेली. घाईत असेल.

९ मार्च

मठातून चनबसप्पा आला. स्वामींचा निरोप— कुठवर आलं लिखाण? मी त्याला बसायला चटई शोधू लागलो. त्याची नजर देव्हाऱ्याकडं गेली. "ते काय आहे?"

निंगव्वा चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "त्येंचं लिखान हाय. देवापुढं हाय, आता हात लावायचा न्हाय. पुरं झालं की धाडतील की स्वामींकडं."

चनबसप्पा तिथूनच पाया पडला. मी सुटलो. माझी थाप तिच्या भोळेपणानं निभावली. हे लिहून ठेवण्यासारखं आहे, पुढच्या वर्षीच्या निबंधाला.

२ एप्रिल

मराठीचा पेपर झाला. निबंधाला विषय आला— माझी आई. आई मी तीन वर्षांचा असताना गेली, काही आठवत नाही. तरी सहा पानं लिहिली. सगळे पायांचे, दातांचे, घामाचे तपशील निंगव्वाचे घातले. पहिल्या वर्गाचे मार्क पडतील.

१४ एप्रिल

सुट्टी होती. निंगव्वा देव्हारा पुसत होती. म्हणालो, तो अंक आता काढून ठेव, कसर लागेल.

"ऱ्हाऊ द्या री," ती म्हणाली. "आनला त्याच दिवशी, तुमी नाक्यावर गेल्यावर हेमावतीनं वाचून दावला. समदा. म्हशीचं, तिकिटाचं. गंगव्वाच्या भाकरीचं बी."

विचारलं, मग दर सोमवारी विभूती कशाला लावतेस?

"तुमी म्हनला देवाचं हाय. मंग देवाला वाचू द्या की."

पुसायचं थांबली नाही. मला तिच्याजवळ जायला हवं होतं. मी इकडं वहीपाशी आलो, तिचे शब्द विसरायच्या आत.