जीपचा ड्रायव्हर धरायचा राहिला

बाबा, अंगावर किती किरणोत्सार पडला ते नोंदवणाऱ्या तुमच्या बॅजची डबी इतकी वर्षं माझ्या टेबलावर आहे. आतली फिल्म तपासणीसाठी काढून घेतली असणार, असं मी आज सकाळपर्यंत धरून चालले होते. तिच्यात फिल्म नव्हतीच. दादाला तुमच्या मागे राहिलेल्या ट्रंकेत अणुचाचणीच्या वेळची यादी सापडली, तिचा फोटो त्याने पाठवला. वाळवंटात किरणोत्सार मोजायला कोण जाणार, कोणाला मीटर, कोणाला मास्क, कोणाला बॅज, सगळं तुमच्या अक्षरात. शेवटी वेगळ्या शाईत: ‘जीपचा ड्रायव्हर धरायचा राहिला. चूक माझी. माझ्या बॅजमधली फिल्म त्याला दिली.’ खाली सही. म्हणजे तुम्ही रिकामी डबी छातीला लावून आत गेलात? आईला हे माहीत होतं? हे मी इथे परदेशात, कामावर जाताना तुआसच्या मेट्रोत उभ्यानेच वाचलं.

मग तो रविवार आठवला, तुम्ही परत आल्यानंतरचा. ऑफिसातले चौघे जेवायला आलेत, मी स्वयंपाकघरात ताटं घेतेय. तुम्ही दारात येऊन विचारता, “आणि खाली गाडीत बसलाय तो?” मी म्हणते, “तो काय, ड्रायव्हर आहे.” त्याआधी तुम्ही माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता. “माणसं मोजता येत नसतील तर फिजिक्स शिकतेस कशाला?” चौघांसमोर! आई हातात पळी धरून तशीच उभी. मी आठ दिवस तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही माझ्यावर ओरडत नव्हता, हे मला आज कळतंय.

इथे जहाजांच्या वेल्डिंगची तपासणी किरणोत्सारी सोर्स लावून करतात. त्या माणसांची सुरक्षा माझ्याकडे, यादी माझी. कडक बाई म्हणून सगळे मला टरकून असतात. ऑफिसात पोचल्यावर पर्स न ठेवताच यादी उघडली. ऑपरेटर, मदतनीस, सुपरवायझर. माणसांना आणणारा लॉरीवाला नाही. खाली गेले, तर तो किरणोत्साराच्या हद्दीला बांधलेल्या दोरीच्या आत, लॉरीत डबा खात बसलेला.

“इधर क्यों बैठे हो?”

“छह महीने से रोज इधर ही, मॅडम. बाहर पार्किंग कॅनॉट लाह, मना है.”

“बॅज?”

तो हसला. “मैं कौन सा साइंटिस्ट हूँ?”

सहा महिने, बाबा. त्याला दोरीबाहेर काढलं, बॅज दिला. पण गेल्या सहा महिन्यांत त्याच्या अंगावर किती गेलं, हे बॅज सांगणार नाही. त्यासाठी त्याची तपासणी व्हायला हवी, आणि तपासणी मागायची तर चूक कबूल करायला हवी. मी वर आले. यादीत त्याचं नाव घातलं आणि पुढे तारीख सहा महिन्यांपूर्वीची टाकली, जणू तो पहिल्यापासून यादीत होता.

तुमच्या त्या ओळीला दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील. मी दुपारपासून हे पत्र लिहितेय. हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिता येतंय. ज्यांना लिहायला हवं त्या साहेबांची केबिन माझ्या टेबलापासून दहा पावलांवर आहे, आणि ते अजून आत बसलेले आहेत.